फाटकाबाहेरचे अप्पा

माझी सलोमीमावशी आयुष्यभर चुलीपुढे बसली आणि आयुष्यभर आगीला भ्यायली. कडक भाकरी करून विकणं हा तिचा धंदा. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला मंद धगीवर उभी करून पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची. हे काम घाईचं नाही. धग वाढली की भाकरी करपते, कमी पडली की मऊ राहते आणि दोन दिवसांत बुरसते. गिऱ्हाइकं म्हणायची, बाईच्या हाताला गुण आहे. मला विचाराल तर गुण हाताचा नव्हता, भीतीचा होता. जाळावर इतकी बारीक नजर ठेवणारी दुसरी बाई सोलापुरात मी पाहिलेली नाही.

ही भीती तिला लहानपणीच चिकटली. रविवारी उपासनेआधी मुलांना बायबल शिकवतात त्या आमच्या शब्बाथ शाळेत भिंतीवर एक जुनं चित्र होतं. एक अरुंद वाट, एक रुंद रस्ता. अरुंद वाटेवर दोन-चार दमलेली माणसं आणि वर उजेड. रुंद रस्त्यावर ही गर्दी, आणि रस्त्याच्या शेवटी जाळ. त्या गर्दीत एक पागोटेवाला मागे वळून बघत होता. "त्येला कुनी सांगितलं न्हाय का, फुडं काय हाय त्ये?" असं मावशीनं शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, आणि बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं. पुढे तिनं लग्न केलं ते नेमकं पागोटेवाल्यांच्या घरात. माझी आई म्हणायची, देवालाही कधीकधी थट्टा सुचते.

सिद्रामप्पा, म्हणजे आमचे अप्पा, लिंगायत. कापडाच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मावशी तेव्हा गिरणीच्या फाटकाशी टोपली घेऊन बसायची आणि अप्पा रोज तिच्याकडून भाकरी घ्यायचे. घरात आईच्या हातची भाकरी असताना हा बाप्या रोज विकतची का घेतो, हे सगळ्या खात्याला कळलं, फक्त अप्पांच्या आईला सगळ्यात शेवटी कळलं. लग्न कचेरीत नोंदवून झालं. दोन्ही घरांनी आधी बोंब मारली, मग तोंड फिरवलं, आणि या दोघांना मूलबाळ होत नाही असं दिसल्यावर दोन्ही घरांना हळूहळू दया आली. गिरणी बंद पडली तेव्हा अप्पांनी एक जुनी लूना घेतली आणि बायकोच्या भाकऱ्या दुकानादुकानांत पोचवायला लागले.

त्यांच्या घरात करार लिहिलेला नव्हता, पण मोडलाही कुणी नाही. घरात मटण शिजायचं नाही. नाताळचं मटण मावशी आमच्याकडे येऊन खायची आणि डोक्यावरून पाणी घेऊनच परत जायची. सकाळी अप्पा गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून तळहातावर घेऊन पूजा करायचे, त्याच खोलीत मावशी डोळे मिटून प्रार्थना करायची. अप्पा तिला सालम्मा म्हणायचे. सलोमी हे नाव त्यांच्या कानडी जिभेला तसंच मानवलं.

आणि दर रविवारी ते तिला लूनावरून चर्चला सोडायचे. सोडून घरी जायचे नाहीत. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली एक दगड आहे, त्यावर बसून राहायचे, उपासना संपेपर्यंत. ऊन असो, नाताळची गर्दी असो, माणूस तिथेच. आमचे पारधेसाहेब पाळक होते तेव्हा त्यांनी कितीदा तरी आत बोलावलं. अप्पा हात जोडायचे, "तुमचं चालू द्या सायेब. मी हितं बरा हाय." मंडळीतली पोरं त्यांना बाहेरचे अप्पा म्हणायची. मीही म्हटलेलं आहे.

गेल्या वर्षी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात अप्पांना लकवा मारला. लूनाला भाकऱ्यांचं गाठोडं बांधता बांधता खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सालम्मामधलं "म्मा" तेवढं राहिलं. भूक लागली तरी "म्मा", कूस बदलायची तरी "म्मा". डॉक्टरांनी गुरुशांतला, म्हणजे अप्पांच्या पुतण्याला, बाजूला घेऊन सांगितलं की दुसरा झटका आला तर काही खरं नाही. बाजूला घेऊन सांगितलेलं बायकांना आधी ऐकू येतं.

मी आठवड्यानं गेले तेव्हा मावशी भाकरी थापत होती आणि तिच्या डाव्या मनगटावर फोड होता, रुपयाएवढा.

"हे काय गं?"

"काय न्हाय. चटका."

"तुला? चुलीवर जन्म गेला तुझा."

ती थापायची थांबली. अप्पांच्या खाटेकडे बघितलं, ते झोपले होते. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मीच धरला हात जाळावर. किती वेळ सोसतंय बघत हुते."

"कशाला?"

"अप्पास्नी किती सोसंल त्ये कळाया."

त्या खोलीत धूर होता, ज्वारीचा खरपूस वास होता, आणि माझी मावशी सरळ आवाजात मला सांगत होती की तिच्या नवऱ्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, तो येशूचं नाव न घेता मरेल आणि त्या चित्रातल्या जाळात जाईल, कायमचा. ती म्हणाली, एवढी वर्षं वाटायचं, सांगू पुढं कधीतरी, वेळ आहे. आता वेळ नाही आणि त्यांना तोंडही नाही. "तू शिकल्यालीस की. सांग, तारन व्हईल का न्हाय?"

शिकलेली, हे खरं. पुण्याला धर्मशास्त्र शिकून मी मंडळीच्या वसतिगृहात काम करते. तारण हा विषय मला पूर्ण वर्षभर होता. त्यात मला चांगले गुण पडले आहेत. कुणी म्हणतं, ख्रिस्ताचं नाव घेतल्याशिवाय तारण नाही. कुणी म्हणतं, ख्रिस्ताची कृपा त्याचं नाव न ऐकलेल्यापर्यंतही पोचते. कुणी म्हणतं, डोंगर एक आणि वाटा अनेक. मी मावशीला मला सगळ्यात आवडणारं मत सांगितलं. म्हटलं, आजकालचे पुष्कळ विद्वान म्हणतात की तारण म्हणजे मेल्यावरचं तिकीट नाही. उपाशी माणसाला अन्न, दबलेल्याला मान, आणि भीतीतून सुटका, इथे, जिवंतपणी, ते तारण.

मावशीनं नीट ऐकून घेतलं. मग तव्यावरची भाकरी उलटली. "भ्यातनं सुटका म्हंजी तारन?"

"हो."

"मग मला अजून मिळालंच न्हाय म्हन की."

मी तिच्या मनगटाला मलम लावलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी तिला पारधेसाहेबांकडे घेऊन गेले. साहेब आता निवृत्त आहेत, चर्चमागच्या छोट्या घरात राहतात, गुडघे धरून उठतात. भला माणूस. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "सलोमीबाई, देवाच्या दयेला आपण कुंपण घालू नये. सिद्रामप्पांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही. ते त्यांच्या उजेडात चालले."

"म्हंजी व्हईल त्येंचं?"

"आशा धरायला हरकत नाही."

"आशा नगं सायेब. नक्की सांगा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नक्की सांगणारा मी कोण, बाई?" ते म्हणाले. खरं तेच बोलले. पण रिक्षात बसल्यावर मावशीनं तेवढंच धरलं. "सायबालाबी ठावं न्हाय," ती म्हणाली. साहेबांनी एवढी माणसं पुरली, प्रत्येक कबरीवर उभं राहून प्रार्थना केली आणि त्यांनाही ठाऊक नाही, याचीच तिला नवी धास्ती बसली.

मग एलीशा पास्टर आले. विडी घरकुल या वस्तीकडे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची प्रार्थना भरते. तेलुगू विणकर घरातला माणूस, तिशी-पस्तिशीचा, आवाज खणखणीत. आमच्या जुन्या मंडळीतली माणसं त्यांना नाकं मुरडतात, मीही मुरडत होते. पण अप्पांना चालायचा वॉकर त्यांनीच कुठूनसा मिळवला, आणि खाटेच्या पायथ्याशी बसून तासभर त्यांचे पाय चोळले. हे आमच्यातल्या कुणी केलं नव्हतं. आणि मावशीनं तोच प्रश्न विचारल्यावर त्यांनी चष्मा पुसला नाही.

"नाही होणार," ते म्हणाले. "पण अजून वेळ आहे, ताई. मनानं स्वीकार केला, पाणी घेतलं, तर नक्की होणार."

पहिलं वाक्य ऐकून मावशी पांढरी पडली आणि दुसरं ऐकून तिनं त्यांचे पाय धरले. घाबरलेल्याला नक्की बोलणारा माणूस लागतो. मी चिडून त्यांना दारात गाठलं. म्हटलं, आजारी माणसाच्या घरात असं भेडसावायला तुम्हाला काही वाटत नाही का. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बहीण, माझी आई गेली तेव्हा मी गाडीत होतो. तिला येशूचं सांगायचं उद्या उद्या म्हणत राहून गेलं. मी पोचलो तर तिला नेलं होतं. तेव्हापासून मी कुणाला उद्या म्हणत नाही."

पुढच्या गुरुवारी सकाळी बाप्तिस्म्याचं पाणी द्यायचं ठरलं. अप्पांना टाकीत बुडवणं शक्य नव्हतं, तेव्हा डोक्यावर घागर ओतायची. फक्त एक अट. गळ्यातलं लिंग आधी उतरवायचं. दोन धन्यांची चाकरी होत नाही, पास्टर म्हणाले.

आता मावशीला दुहेरी भीती लागली, आणि ही दुसरी भीती आमच्या चर्चमधल्या कुणाला कळणारी नव्हती. लिंगायताच्या अंगावरून लिंग उतरत नाही, जीव असेपर्यंत. ते गेलं म्हणजे जीवच गेल्यासारखं. पूर्वी एकदा न्हाणीत दोरा तुटून अप्पांची डबी मोरीत वाहून गेली होती. अप्पा भिंतीला टेकून बसले. पाण्याचा घोट घेईनात. तेव्हा मावशीनंच बाहेरच्या गटारात कोपरापर्यंत हात घालून ती शोधून काढली, सात पाण्यांनी धुतली, पदरात धरून आणली. अप्पांच्या हातात द्यायची तिची हिंमत झाली नाही, म्हणून पाटावर ठेवली. आता ती मला म्हणाली, "काढलं तर आत्ता मरत्याल. न्हाय काढलं तर मेल्यावर जळत्याल. मी काय करू?" बुधवारी अप्पांना अंघोळ घालताना तिनं म्हणे कात्री घेतली होती. दोऱ्याखाली बोट घातलं आणि अप्पा डोळे उघडून बघतायत हे दिसल्यावर तीच कात्री घेऊन भाकऱ्यांच्या पिशव्या कापत बसली.

गुरुवारी गुरुशांत आपल्या दुकानाच्या मालासाठी मोडनिंबला जाणार होता. मावशीनं तोच दिवस धरला होता. हे मला फार लागलं. गुरुशांत रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन काकाला उचलून शौचाला न्यायचा, आणि त्याच्यापासून ती हे लपवत होती. पण तिच्या तोंडाकडे बघून माझ्यानं बोलवेना. चार दिवसांत बाई निम्मी झाली होती.

पास्टर आपल्या प्रार्थनेतल्या दोन बहिणींना घेऊन आले. मावशीनं घागर भरून ठेवली होती. चूल पेटवलेली नव्हती, लग्नानंतर घरात चूल न पेटलेली सकाळ मी तरी ऐकलेली नाही. अप्पांना उशांना टेकवून बसवलं. बहिणींनी एक गीत म्हटलं. मग पास्टर खाटेवर बसले, अप्पांचा चांगला हात, डावा, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अगदी हळू म्हणाले, "अप्पा, येशू तुमचा तारणारा आहे. तुम्ही त्याला स्वीकारता का? स्वीकारत असाल तर माझा हात दाबा."

अप्पांनी हात दाबला नाही. त्यांनी पास्टरांकडे बघितलंसुद्धा नाही. ते मावशीकडे बघत होते. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, पदर दातांत धरलेला, आणि पायापासून डोक्यापर्यंत कापत होती. इतकं भ्यालेलं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं, मंडळीतल्या मरणाऱ्यांच्या उशाशी बसायची सवय असूनही. अप्पा बघत राहिले.

मग अप्पांनी आपला हात सोडवून घेतला आणि छातीवर नेला. मला वाटलं, लिंग झाकून धरतायत, नाही म्हणतायत. पास्टरांनाही तेच वाटलं, त्यांनी मान खाली घातली. पण अप्पांनी डबी धरलीच नाही. त्यांनी दोऱ्यात बोटं अडकवली आणि दोरा वर ओढायला लागले. हनुवटीपर्यंत आणला. एकाच हातानं जमेना, दोरा कानात अडकला. त्यांची नजर मावशीवरून हलली नव्हती. "म्मा," ते म्हणाले. "म्मा."

ते लिंग उतरवत होते. मोरीत पडल्यावर ज्यासाठी पाण्याचा घोट घेतला नव्हता ते, आपल्या हातानं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ते दोरा ओढत होते.

मावशी भिंतीपासून सुटली. मला वाटलं, मदत करायला धावली. तिनं अप्पांचा हात धरला, डबी आणि दोरा यांच्यासकट, आणि खाली छातीवर दाबला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "अवो, ऱ्हाऊ द्या. नगं काडू."

पास्टर हळूच म्हणाले, "ताई, ते तयार होते."

"देवासाटी न्हाय काडत हुते, पास्टर," मावशी म्हणाली. "माजं भ्या बघून काडत हुते."

पास्टरांना वाद घालता आला असता, वचनं त्यांना तोंडपाठ आहेत. ते उठले, भरलेली घागर उचलून चुलीशी सरकवली आणि बहिणींना घेऊन बाहेर पडले. मी दारापर्यंत गेले. त्या बहिणी पुढे गेल्यावर ते थांबले आणि विचारलं, "बहीण, तुम्ही शिकलाय. माझ्या आईचं काय झालं असेल?" मला वाटलं होतं त्या माणसाला सगळं नक्की ठाऊक आहे. मी त्यांना चहाला थांबा म्हटलं. ते थांबले नाहीत.

मावशीनं मग चूल पेटवली. दोरा सारखा केला, डबी अप्पांच्या सदऱ्याखाली सरकवली. तिची भीती गेली असं समजू नका. ती अजून वाढली, कारण आता ती तिनं स्वतः पत्करलेली होती. मध्येच हात घालून आपणच अप्पांना अडवलं, उद्या जाब आपल्यालाच द्यावा लागेल, असं तिला दिवसरात्र वाटायचं. पण त्या दिवसानंतर ती अप्पांसमोर थरथरली नाही. त्यांच्यासमोर हसायची. थरथरायचं असलं की मोरीत जाऊन थरथरायची, हे मला गुरुशांतनं सांगितलं.

दुसरा झटका उन्हाळ्याच्या तोंडाशी आला आणि अप्पा सकाळीच गेले. गुरुशांत मावशीसमोर येऊन उभा राहिला. त्याला गुरुवारचं कळलेलं होतं, गल्लीत काय लपतं. तो एवढंच म्हणाला, "काकी, तू म्हनशील तसं. तुमच्यातबी पुरत्यात, आमच्यातबी पुरतो."

"तुमच्यातलं करा," मावशी म्हणाली.

लिंगायतांत माणसाला निजवून पुरत नाहीत. बसवतात. अप्पांना मांडी घालून बसवलं, अंगाला भस्म, तळहातावर तेच इष्टलिंग. स्वामींनी मंत्र म्हटले. मावशी कडेला उभी राहून सगळं बघत होती. मातीची पहिली मूठ पडली तेव्हा तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथे वळ उठला होता. ती ओठांत काहीतरी पुटपुटत होती, आणि ते मंत्र नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी मी तिला रिक्षानं चर्चला नेलं. उपासना संपली, आम्ही फाटकाबाहेर आलो. कडुलिंबाखालचा दगड रिकामा. येणारे जाणारे तिच्याकडे आणि दगडाकडे बघून नजर चुकवत होते. मावशी सरळ जाऊन दगडावर बसली, अगदी एका कडेला. मी शेजारी उभी राहिले.

"अप्पा बसल्यात की," ती म्हणाली. "मातीतबी बसूनच हायत. बघितलंस न्हवं?"

"हो."

"मी देवाला सांगितलंय. मला आत घेतलं, आन् अप्पा आत दिसलं न्हायत, तर मी म्हननार, माजा मानूस भाईर हाय, मी भाईर बसते. त्ये माज्यापायी जन्मभर हितं भाईर बसलं. आता माजी पाळी."

मी तिच्या मनगटाकडे बघितलं. फोड बरा झाला होता, डाग राहिला होता. विचारू नये ते मी विचारलं. "आणि बाहेर जाळ असला तर?"

रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्यावर स्टोव्ह भडकला होता, ती त्याच्याकडे बघत होती, आणि मनगटावरचा तो डाग तिनं पदराखाली घेतला.

"भ्या वाटतंय की," ती म्हणाली. "लई वाटतंय. पर बसंन."